चौकट नसताना गोष्ट कशी सांगायची: फिल्म करणाऱ्यांसाठी व्हीआरचे पहिले धडे

तुम्ही एखादी शॉर्ट फिल्म केली असेल, डॉक्युमेंटरीवर काम केलं असेल किंवा निदान कॉलेजच्या एकांकिकेत बॅकस्टेज सांभाळलं असेल आणि आता व्हीआरमध्ये, म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटीत, काहीतरी करून बघायचं मनात असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. चहूबाजूंचं एकदम टिपणारा ३६० कॅमेरा कसा चालू करायचा, हे सांगणारे व्हिडिओ भरपूर आहेत. ते बघून तासाभरात कॅमेरा चालवता येतो. अडचण पुढे येते. शूट होतं, फुटेज जोडलं जातं, डोळ्यांवर चढवायच्या हेडसेटमध्ये सगळं नीट दिसतं आणि तरी बघणाऱ्याला काहीच होत नाही. आपण एका रिकाम्या जागेत उभे आहोत आणि लांब कुठेतरी काहीतरी चाललं आहे, एवढंच त्याला जाणवतं.

याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. फिल्ममध्ये आपण आधी ठरवतो की कॅमेरा काय बघणार. व्हीआरमध्ये आधी ठरवावं लागतं की बघणारा माणूस कुठे आहे आणि तिथे तो कोण आहे. बाकीचे निर्णय, म्हणजे कॅमेऱ्याची उंची, माणसांचं अंतर, आवाज, कट, सगळे त्यातून निघतात. अनेक कार्यशाळांमध्ये पहिल्याच दिवशी कॅमेरा हातात देतात. मला ते पटत नाही. निदान पहिले पंधरा दिवस कॅमेऱ्याशिवाय काढावेत आणि पुढचा क्रमही तसाच लावला आहे.

एक गोष्ट आधी स्पष्ट करतो. व्हीआर म्हणून जे दाखवलं जातं, त्यात दोन वेगळ्या जाती आहेत. पहिली ३६० व्हिडिओची. खरी जागा, खरी माणसं, कॅमेऱ्याने टिपलेली; तुम्ही मान कुठेही वळवू शकता, पण जागेवरून हलू शकत नाही. दुसरी कॉम्प्युटरवर घडवलेल्या जगाची. तिथे तुम्ही चालू शकता, वाकून टेबलाखाली बघू शकता, वस्तू उचलू शकता. या दुसऱ्या जातीसाठी युनिटी किंवा अनरीअलसारखं गेम इंजिन लागतं. फिल्मकडून येणाऱ्या माणसाने सुरुवात ३६० व्हिडिओपासून करावी. कॅमेरा, नट, लोकेशन, एडिट ही आपली ओळखीची हत्यारं तिथे हाताशी राहतात.

पहिला टप्पा: बघणं

हेडसेट विकत घ्यायची घाई करू नका. मित्राकडे, कॉलेजच्या लॅबमध्ये, गेमिंग पार्लरमध्ये कुठेतरी मिळतो. गूगलने २०१४ मध्ये आणलेली पुठ्ठ्याची कार्डबोर्ड पेटी अजूनही कुणाकडे पडलेली असेल. ती फुटेज तपासायला चालेल, पण तिच्यावरून व्हीआरबद्दल मत बनवू नका. फिरती खुर्ची मात्र हवीच. सोफ्यावर रेलून बघितलेली व्हीआर फिल्म अर्धीच बघितलेली असते, कारण पाठीमागे वळायचं जिवावर येतं.

प्रत्येक कलाकृती तीनदा बघा. पहिल्यांदा जशी येईल तशी. दुसऱ्यांदा दिग्दर्शकाला तुम्ही जिथे बघायला हवं आहे, त्याच्या बरोबर उलट दिशेला बघत राहा. तिसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका. दुसऱ्या बघण्यात सगळ्यात जास्त शिकायला मिळतं. कच्च्या फिल्ममध्ये पाठीमागे काहीच नसतं. पडकी भिंत, पार्क केलेली गाडी, कंटाळलेला असिस्टंट. चांगल्या फिल्ममध्ये पाठीमागे जागा जिवंत असते, पण पुढच्या घटनेशी ती झगडत नाही.

काय बघावं? मी तीन कामं सुचवेन, तिन्ही वेगळ्या कारणांसाठी. ‘क्लाउड्स ओव्हर सिद्रा’ हे २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघासाठी केलेलं काम. जॉर्डनमधल्या झातारी निर्वासित छावणीत राहणारी सिद्रा नावाची बारा वर्षांची सीरियन मुलगी आपला दिवस सांगते. तंत्र अगदी साधं आहे: कॅमेरा एका जागी स्थिर, वर मुलीचं निवेदन, प्रत्येक शॉटला भरपूर वेळ. मुलं कॅमेऱ्याजवळ येतात, तेव्हा आपण त्यांच्यातच उभे असल्यासारखं वाटतं. नवख्याच्या आवाक्यातलं हे तंत्र आहे, म्हणून ते आधी बघा.

दुसरं ‘नोट्स ऑन ब्लाइंडनेस: इन्टू डार्कनेस’, २०१६ चं. दृष्टी गेल्यानंतर जॉन हल यांनी कॅसेटवर आपली डायरी बोलून ठेवली होती, तिच्यावर ते आधारलेलं आहे. इथे चित्र आवाजातून उमटतं. पावलं वाजली की माणूस अंधारात धूसर दिसतो, पाऊस पडला की वस्तूंना आकार येतो. व्हीआरमध्ये आवाज कुठवर जाऊ शकतो, हे समजायला मला यापेक्षा चांगला धडा माहीत नाही.

तिसरं काम घरी बसून बघता येणार नाही, पण त्याबद्दल वाचायला हवं: आलेहान्द्रो इन्यारितूचं ‘कार्ने इ आरेना’. २०१७ च्या कान महोत्सवाच्या अधिकृत निवडीत आलेलं हे पहिलं व्हीआर इन्स्टॉलेशन. प्रेक्षक एकटाच, अनवाणी, वाळूने भरलेल्या दालनात जातो आणि अमेरिकेची सीमा ओलांडणाऱ्या स्थलांतरितांमध्ये सापडतो. त्याच वर्षी ऑस्कर अकादमीने त्याला विशेष पुरस्कार दिला. पायाला लागणारी वाळूसुद्धा दिग्दर्शनाचा भाग होऊ शकते, हे त्यातून घ्यायचं.

आपल्याकडेही हे काम झालं आहे. आनंद गांधींच्या मेमेसिस कल्चर लॅबने २०१६ मध्ये मुंबईतून ‘एल्सव्हीआर’ नावाने व्हीआर पत्रकारिता सुरू केली. छत्तीसगडमधल्या कोरब्याच्या कोळसा खाणींवरची त्यांची डॉक्युमेंटरी अवश्य शोधा. आपल्या उन्हात, आपल्या धुळीत, आपल्या गर्दीत ३६० कॅमेरा लावला की काय दिसतं, हे परदेशी फिल्म्स सांगू शकत नाहीत.

दुसरा टप्पा: बघणारा कोण?

तुमच्या मनात जी गोष्ट आहे, तिच्यातला एक प्रसंग घ्या आणि कागदावर फक्त एका वाक्यात लिहा: बघणारा या जागेत कोण म्हणून आहे? उत्तरं साधारण तीन प्रकारची येतात. तो अदृश्य साक्षीदार आहे, कुणीच त्याची दखल घेत नाही. किंवा तो पाहुणा आहे, माणसं त्याच्याकडे बघतात, त्याच्याशी बोलतात. किंवा तो गोष्टीतलं एक पात्र आहे. तिन्ही चालतात, पण एकाच फिल्ममध्ये यांची सरमिसळ झाली की बघणारा गोंधळतो. पहिल्या सीनमध्ये आजी त्याच्याकडे बघून “ये, बस” म्हणाली आणि दुसऱ्या सीनमध्ये घरातली सगळी त्याच्या आरपार बघायला लागली, तर त्याला आपण मेलो की काय, असं वाटतं. तसं वाटायला हवं असेल तरच तसं करा.

सरावासाठी एक प्रसंग: घरात जमिनीच्या वाटणीवरून बोलणं चाललं आहे. दोन भाऊ, त्यांच्या बायका, आई. आता बघणारा एकदा सोप्यात मध्यभागी बसवा, एकदा स्वयंपाकघराच्या दारात, एकदा बाहेर ओट्यावर. संवाद तेच ठेवा. प्रत्येक जागेवरून कोण जवळ येतं, कोणाचा फक्त आवाज येतो, कोणाचा चेहरा दिसतच नाही, ते लिहा. स्वयंपाकघराच्या दारातून ही गोष्ट बायकांची होते, सोप्यातून भावांची. फिल्ममध्ये हे काम लेन्स आणि एडिट करतात. इथे ते जागाच करते. हा सराव खरोखरच्या घरात, मित्रांना उभं करून, स्वतः मध्ये स्टूल टाकून बसून करा. कागदावर केलेला अर्धाच कळतो.

तिसरा टप्पा: घड्याळाचा नकाशा

व्हीआरसाठी नेहमीचा स्टोरीबोर्ड उपयोगी पडत नाही, कारण चौकोनच नसतात. त्याऐवजी वरून बघितल्यासारखं वर्तुळ काढा, मध्ये कॅमेरा, आणि कडेने घड्याळाचे आकडे. बारा म्हणजे समोर, सहा म्हणजे पाठ. दोन आकड्यांमध्ये बरोबर ३० अंश येतात. प्रत्येक सीनसाठी एक वर्तुळ, त्यात कोण कुठे, कुठून कुठे जातं, आवाज कुठून येतो, आणि सीनच्या सुरुवातीला व शेवटी बघणाऱ्याचं तोंड कुठे असेल.

माणूस मान फार न ताणता दोन्ही बाजूंना तीसेक अंश आरामात वळतो, म्हणजे अकरा ते एक. थोडा प्रयत्न केला तर दहा ते दोन. तीन आणि नऊकडे बघायला धड फिरवावं लागतं आणि सहाकडे बघायला खुर्ची. म्हणून कथेचा कणा दहा ते दोनमध्ये ठेवा. पाठीमागे न्यायचं असेल तर कारण द्या: सहावर भांडं पडू दे, किंवा समोरची बाई बोलता बोलता उठून तुमच्या बाजूने मागे जाऊ दे. माणसाच्या चालण्यामागे नजर हमखास जाते. एकाच सीनमध्ये तीन वेळा पाठीमागे वळवलंत, तर चौथ्यांदा बघणारा वळणार नाही.

या नकाशाचा सराव करायला आपल्याकडे वारीइतकी चांगली शाळा नाही. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखी सोहळ्यात चांदोबाचा लिंब इथे उभं रिंगण होतं, आणि पुढे पुरंदावडे, खुडूस फाटा अशा ठिकाणी गोल रिंगण. उभ्या रिंगणात वारकऱ्यांच्या दोन रांगांमधून अश्व धावत येतो. रांगेत कॅमेरा असला तर तो एका बाजूने येतो, जवळून जातो आणि दुसऱ्या बाजूला निघून जातो. एक येणं, एक जाणं. बघणाऱ्याची मान एकदाच वळते आणि तो क्षण अंगावर येतो. गोल रिंगणात अश्व वर्तुळात धावतो. मध्यभागी कॅमेरा लावायचा मोह होतोच, पण तिथे बघणारा अश्वामागे गरागरा फिरत राहतो आणि दुसऱ्या फेरीला दमतो. त्यापेक्षा कडेला, बसलेल्या वारकऱ्यांच्या ओळीत जागा घ्या. मग अश्व समोरून पुन्हा पुन्हा जातो, मधल्या वेळात शेजारची माणसं दिसतात, टाळ ऐकू येतात, आणि तो परत येण्याची वाट बघण्यातही गंमत आहे. प्रत्यक्ष कॅमेरा न्यायची गरज नाही. नुसतं जाऊन उभे राहा आणि दोन्ही रिंगणांचे नकाशे काढा. कॅमेरा न्यायचाच असेल तर दिंडीच्या आणि सोहळ्याच्या लोकांना आधी भेटा. धावत्या अश्वाच्या वाटेत स्टँड उभा करणं धोक्याचं आहे.

चौथा टप्पा: कॅमेरा

आता कॅमेरा. शिकण्यासाठी दोन लेन्सचा छोटा ३६० कॅमेरा पुरतो. इन्स्टा३६०, रिको थीटा, गोप्रो मॅक्स यांपैकी जो भाड्याने मिळेल तो घ्या. त्रिमिती खोली हवी असेल तर इन्स्टा३६० प्रो २ सारखे अनेक लेन्सचे कॅमेरे आहेत, किंवा कॅननच्या आर५ बॉडीवर जोड-फिशआय लेन्स लावून फक्त पुढचे १८० अंश टिपता येतात. या १८० अंशांच्या प्रकाराकडे नवख्यांनी दुर्लक्ष करू नये. पाठीमागे युनिट उभं राहू शकतं, लाइट लावता येतात आणि मुलाखतीसाठी तो अप्रतिम चालतो.

रिझोल्यूशनच्या जाहिरातीला भुलू नका, हिशोब करा. ५.७के म्हणजे पूर्ण वर्तुळाच्या रुंदीत ५७६० पिक्सेल. क्वेस्ट ३ सारख्या हेडसेटमध्ये एका वेळी आडवे साधारण ११० अंश दिसतात. म्हणजे डोळ्यांसमोर येतात जेमतेम १७६० पिक्सेल, फुल एचडीपेक्षाही कमी, तेही डोळ्यांना चिकटलेल्या पडद्यावर. ८के घेतलंत तर हाच आकडा २३०० च्या पुढे जातो. त्यामुळे जमेल तर ८के, आणि दोन्हीकडे लांबच्या चेहऱ्यावरचे भाव मिळणार नाहीत हे गृहीत धरायचं. माणूस जवळ आणा.

किती जवळ? दोन लेन्सची चित्रं जिथे जुळतात, तिथे शिवण पडते. तुमच्या लेन्स बारा आणि सहाकडे असतील तर शिवण तीन आणि नऊवर. एक मीटरच्या आत, शिवणीवर माणूस आला की त्याचा हात तुटतो, चेहरा दुभंगतो. शिवणीवर झाड, भिंत, रिकामी जागा असू द्या. बोलणारा माणूस दीड ते तीन मीटरवर, लेन्सच्या समोर. पाच मीटरच्या पलीकडे गेला की तो गोष्टीतला माणूस न राहता देखाव्याचा भाग होतो.

उंचीबद्दल पुस्तकं डोळ्यांची उंची असं सांगून मोकळी होतात. पण आपल्याकडे माणसं जमिनीवर बसतात. पंगत, भजन, पापड लाटणाऱ्या बायका यांच्यामध्ये कॅमेरा दीड मीटरवर ठेवलात तर बघणारा त्यांच्या डोक्यावर उभा राहिलेला साहेब वाटतो. तिथे पाऊण मीटर योग्य. खुर्चीवर बसलेल्यांमध्ये सव्वा मीटर. आणि बघणारा प्रत्यक्षात बसून बघणार की उभा राहून, तेही इथेच ठरवा.

पाचवा टप्पा: शूटचा दिवस

रेकीला गेलात की सगळ्यात आधी लपायची जागा शोधा. कॅमेऱ्याला पाठ नसल्यामुळे दिग्दर्शक, साउंडवाले, स्पॉटदादा, चहाचा थर्मास, सगळं दिसतं. भिंतीमागे, दाराआड, नाहीतर सरळ लोकांसारखे कपडे घालून गर्दीत. फोनवरचं वायफाय मॉनिटर काही मीटरनंतर दगा देतं, त्यामुळे बऱ्याचदा न बघताच टेक घ्यावा लागतो. टेक झाल्याबरोबर तिथेच हेडसेट लावून तपासा. फोनच्या स्क्रीनवर छान दिसलेला शॉट हेडसेटमध्ये तिरका निघतो.

लपायला जागाच नसेल तर वर्तुळ दोन भागांत शूट करा. आधी पुढचा अर्धा भाग, युनिट मागे, मग मागचा अर्धा, युनिट पुढे, नंतर जोडायचं. अट एवढीच की स्टँड केसभरही हलता कामा नये आणि मधल्या वेळात ऊन बदलता कामा नये.

एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स हाताने लॉक करा, नाहीतर सावलीतली लेन्स आणि उन्हातली लेन्स आपापल्या मर्जीने बदलत राहतात आणि शिवण उघडी पडते. या छोट्या कॅमेऱ्यांचं ॲपर्चर बदलत नाही, म्हणजे सगळा खेळ शटर आणि आयएसओचा. घरात ट्यूबलाइटखाली शटर १/५० किंवा १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे इतर आकड्यांवर चित्र लुकलुकतं. आयएसओ वाढवण्याऐवजी खोलीतला बल्ब बदलून जास्त वॅटचा लावा. तो दिसणारच आहे, दिसू दे.

कॅमेरा हलवू नका. डोळ्यांना आपण चाललो आहोत असं दिसतं आणि कानातली तोल सांभाळणारी यंत्रणा म्हणते आपण बसलो आहोत, की मळमळ सुरू. पुढे कधी हलवावाच लागला तर बैलगाडीत, होडीत, रिक्षात ठेवा, जिथे बघणाऱ्यालाही बसायला जागा आहे आणि भोवताली स्थिर काहीतरी आहे. वेग सारखा ठेवा. क्षितिज सरळ. कॅमेरा स्वतःभोवती फिरवणं कधीच नाही, तो हक्क बघणाऱ्याच्या मानेचा आहे.

नटांशी काम करणं हा मात्र आनंदाचा भाग आहे. कट नाही, क्लोजअप नाही, सात-आठ मिनिटांचा सलग प्रवेश. ज्याने पुरुषोत्तम करंडकासाठी महिनोन्‌महिने तालमी केल्या आहेत त्याला हे रक्तातच असतं. त्यांची एकच सवय मोडावी लागते, प्रेक्षकांकडे तोंड करून बोलायची. कारण इथे प्रेक्षक मध्यभागी आहे. पथनाट्य केलेली मुलं हे सगळ्यात लवकर पकडतात. सिनेमा-मालिकांमधून आलेले नट आधी अस्वस्थ होतात, कारण त्यांना आपली फ्रेम कुठे संपते ते कळत नाही. त्यांना तालमीचा पुरेसा वेळ द्या.

डॉक्युमेंटरी करत असाल तर संमतीकडे दुप्पट लक्ष द्या. साध्या कॅमेऱ्यात तुम्ही माणूस निवडता. इथे मागे पाणी भरणारी बाई, भिंतीवर अडकवलेलं रेशनकार्ड, कोपऱ्यात झोपलेला आजारी माणूस, सगळं येतं आणि नंतर कापता येत नाही. म्हणून घरातल्या प्रत्येकाला आधी हेडसेट लावून दाखवा की या छोट्या गोळ्यातून किती दिसतं. “फोटो काढतोय” एवढं सांगून घेतलेली संमती मी संमती मानत नाही. व्हीआर म्हणजे सहानुभूती जागवणारं यंत्र, असा दावा २०१५ पासून बराच फिरला. दहा मिनिटं एखाद्याच्या झोपडीत उभं राहून त्याचं जगणं कळतं, यावर माझा विश्वास नाही. तिथे उभं राहायला त्याने आपल्याला बोलावलं आहे का, हे मात्र बघणाऱ्याला नक्की जाणवतं.

सहावा टप्पा: आवाज

आवाजाला इथे दिशा असते. त्यासाठी ॲम्बिसॉनिक रेकॉर्डिंग करतात: एकाच माइकमध्ये चार कॅप्सूल, चार ट्रॅक, आणि त्यांतून पूर्ण गोलाचा आवाज. झूम एच३-व्हीआर हा त्यातला परवडणारा रेकॉर्डर आहे. तो कॅमेऱ्याच्या अगदी खाली, स्टँडवरच लावा म्हणजे दिसत नाही. माइकचं बारा आणि कॅमेऱ्याचं बारा एकाच दिशेला हवं. दोन्हींवर रंगीत टेप लावून ठेवा. हे चुकलं तर नवरा उजवीकडे दिसतो आणि त्याचा आवाज मागून येतो. क्लॅपही बाराच्या जागेवरच द्या, जुळवताना दिशाही तपासली जाते.

शिवाय बोलणाऱ्या प्रत्येकाला लेपल माइक लावा, कारण ॲम्बिसॉनिक माइकमध्ये संवाद लांबचे येतात. नंतर रीपरसारख्या सॉफ्टवेअरमध्ये तो आवाज त्या माणसाच्या जागी बसवता येतो. त्यासाठी ऑस्ट्रियातल्या ग्राझच्या संस्थेचे आयईएम प्लगइन मोफत मिळतात. निवेदन मात्र गोलात बसवू नका. ते मान वळवली तरी न हलणाऱ्या वेगळ्या स्टिरिओ ट्रॅकवर ठेवा, म्हणजे ते मनातल्या आवाजासारखं येतं. एक्स्पोर्ट करताना ॲम्बिएक्स हा फॉरमॅट निवडा, बहुतेक ठिकाणी तोच चालतो.

सबटायटलचा प्रश्न आला की मी म्हणतो, मराठी प्रेक्षकांसाठी मराठीच आवृत्ती करा. हेडसेटमध्ये तरंगणारी अक्षरं वाचताना माणूस जागा विसरतो. अगदीच हवी असतील तर तीच ओळ तीन ठिकाणी, १२० अंशांच्या अंतराने लावा, म्हणजे कुठेही बघितलं तरी एक दिसते.

सातवा टप्पा: जोडणी आणि एडिट

कॅमेऱ्याच्या कंपनीचं सॉफ्टवेअर शिवण आपोआप जोडतं; दोन लेन्सच्या कॅमेऱ्यासाठी तेवढं पुरे. फाइल दोनास एक प्रमाणाची, जगाच्या नकाशासारखी पसरलेली मिळते. पुढचं एडिट प्रीमिअर किंवा दा विंची रिझॉल्वमध्ये होतं. डिस्कचा अंदाज आधी घ्या: २०० मेगाबिटने रेकॉर्ड केलं तर मिनिटाला दीड जीबी, तासाला ९० जीबी. आणि त्याची दुसरी कॉपी.

कट कुठे मारायचा? जेसिका ब्रिलहार्ट गूगलमध्ये व्हीआर फिल्म करत असताना तिने मांडलेली पद्धत मला आजही सगळ्यात कामाची वाटते. शॉटच्या शेवटी बघणाऱ्याचं लक्ष बहुधा कुठे असेल ते ओळखायचं, आणि पुढच्या शॉटमधली महत्त्वाची गोष्ट नेमकी त्याच दिशेला आणायची. तुमच्या घड्याळाच्या नकाशावर हे लगेच दिसतं. आई दोनच्या दिशेला निघून गेली असेल, तर पुढच्या शॉटमधली विहीर दोनवर हवी. ती शूटमध्ये दहावर असेल तर एडिटमध्ये पूर्ण गोल फिरवून घेता येतो. चार तासांचं एडिट असेल तर त्यातला निम्मा वेळ या फिरवण्यात जातो, आणि तो सत्कारणी लागतो.

शॉट लांब ठेवा. नव्या जागी आल्यावर पहिले पाच-दहा सेकंद माणूस फक्त भोवताली बघतो. त्या वेळेत महत्त्वाचा संवाद आला तर तो वाया गेला. खालचा स्टँड झाकायला जमिनीचाच तुकडा चिकटवा. लोगो चिकटवायची पद्धत आहे, पण पायाखाली लोगो दिसला की तिथे असल्याचा भास मोडतो. आणि प्रत्येक कट हेडसेटमध्ये तपासा, सपाट स्क्रीनवर कधीच नाही.

आठवा टप्पा: दाखवणं

कच्चा कट पाच-सहा अशा माणसांना दाखवा ज्यांनी व्हीआर कधी बघितलेलं नाही. हेडसेटमधलं चित्र टीव्हीवर घ्या आणि फिल्मकडे न बघता बघणाऱ्याच्या मानेकडे बघा. कुठे वळते, कधी थांबते, कधी खाली फोन शोधते. नकाशावर खुणा करा. नंतर “कसं वाटलं?” विचारू नका, सगळे छानच म्हणतात. “तू कुठे होतास? तिथे तू कोण होतास?” एवढंच विचारा. दुसऱ्या टप्प्यात लिहिलेल्या वाक्याशी उत्तर जुळलं नाही तर एडिटला परत.

जाहीरपणे दाखवायचं झालं तर गणित करा. दहा मिनिटांची फिल्म, पाच हेडसेट, लावायला-काढायला पाच मिनिटं, म्हणजे तासाला वीस माणसं. गावच्या शाळेत दीडशे जण येणार असतील तर साडेसात तास. क्वेस्ट ३ ची बॅटरी साधारण दोन तास टिकते, त्यामुळे पॉवर बँक किंवा बदली हेडसेट हवेत. फाइल हेडसेटमध्येच भरून न्या, नेटवर विसंबू नका. प्रत्येक वापरानंतर पुसायला ओले वाइप्स, तोंडाला लागणाऱ्या भागासाठी बदलायची कव्हर, चष्मेवाल्यांसाठी स्पेसर. शेजारी एक माणूस कायम उभा, कारण कुणीतरी उठून चालायला लागतंच.

पुढे शिकायचं असेल तर मुंबईत २०२५ पासून इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ क्रिएटिव्ह टेक्नॉलॉजीज ही ॲनिमेशन, व्हीएफएक्स, गेमिंग आणि एक्सआर (व्हीआर आणि तिच्यासारखी तंत्रं) यांसाठीची राष्ट्रीय संस्था सुरू झाली आहे. तिथल्या अभ्यासक्रमांकडे लक्ष ठेवा. पुण्याच्या एफटीआयआयचे साउंड आणि एडिटिंगचे लघु अभ्यासक्रमही, व्हीआरसाठी नसले तरी, उपयोगी पडतात. परदेशात वेनिसच्या चित्रपट महोत्सवात २०१७ पासून व्हीआरची स्वतंत्र स्पर्धा आहे, आणि त्याच महोत्सवाच्या बिएनाले कॉलेज या उपक्रमात नव्या दिग्दर्शकांना कल्पनेपासून निर्मितीपर्यंत मदत मिळते. अर्ज करताना कल्पना एका पानात मांडावी लागते. त्या पानावर घड्याळाचा एक नकाशा असू द्या.

पहिली फिल्म तीन ते पाच मिनिटांची, एकाच जागेत, तीनपेक्षा जास्त माणसं नसलेली करा. गेम इंजिनकडे वळायचं ते अशा एक-दोन फिल्म्स झाल्यावर. ब्लेंडर मोफत आहे, युनिटी आणि अनरीअल शिकण्यासाठी फुकट मिळतात. तिथे बघणारा चालायला लागतो, म्हणजे नकाशातला मधला ठिपका हलायला लागतो आणि प्रत्येक जागेसाठी नवं वर्तुळ काढावं लागतं.